गाडीचा बोल्ट : कोणता लावावा, किती आवळावा

अकोटहून उत्तरेकडे निघालो की थोड्याच वेळात सातपुडा समोर उभा राहतो. पोपटखेड मागे पडते आणि मेळघाटचे जंगल सुरू होते. पुढचा रस्ता वळणांचा आणि चढउताराचा आहे. या रस्त्याने जीपगाड्या ये-जा करतात. कोणी बाजाराला निघालेले असते, कोणी आजारी माणसाला दवाखान्यात नेत असते. श्रावणात धारगडच्या महादेवाला जाणारी माणसे असतात.

गाडीत बसलेली माणसे ड्रायव्हरवर भरवसा ठेवतात. ते बरोबरच आहे. पण त्यांचा जीव आणखी कशावर तरी अवलंबून असतो. गाडीच्या पोटाखाली बोटाएवढ्या जाडीचे काही बोल्ट असतात. ते चाकांची आस गाडीला धरून ठेवतात. ते ढिले पडले, तर चांगल्यातला चांगला ड्रायव्हरही काय करील?

बोल्ट तर साधी वस्तू आहे. दुकानात गेले, मापाचा बोल्ट आणला, पान्याने आवळला, झाले काम! असे आपल्याला वाटते. पण बोल्ट कोणता आणि आवळला किती, यावर सारे असते. तेच आज आपण समजून घेऊ.

खीळ आणि धाव

आधी आपल्या ओळखीची वस्तू घेऊ. लाकडी चाकाची बंडी तुम्ही पाहिली असेल. आता बंड्यांना रबरी चाके आली. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लाकडी चाक चांगले आठवत असेल.

त्या चाकाबाहेर, आसाच्या टोकाला एक खीळ असते. ती नुसती आडवी उभी राहते. चाक बाहेर सरकू लागले की खिळीला अडते. बाकीच्या वेळी तिच्यावर ताण नसतो. ती थोडी हलली तरी चालते.

त्याच चाकावर लोखंडी धाव असते. धाव कशी चढवतात? लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करतो. मग गोवऱ्यांच्या आरावर तापवतो. तापलेले लोखंड फुगते. फुगलेली धाव चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. धाव थंड होते, आखडते आणि साऱ्या चाकाला घट्ट आवळून धरते. तिच्यात कायमचा ताण राहतो. त्या ताणामुळेच आरे आणि पाट्या जागच्या हलत नाहीत. धाव सैल झाली, तर चाक खिळखिळे होते. धाव फारच लहान केली, तर लाकूड पिचते.

आता सांगा, बोल्ट खिळीसारखा काम करतो की धावेसारखा? बहुतेक लोक म्हणतील, खिळीसारखा. इथेच चूक होते. बोल्ट काम करतो धावेसारखे.

नट आवळला की बोल्ट लांबीत किंचित ताणला जातो. किती? बोटभर लांबीचा बोल्ट एक-दोन केसांच्या जाडीइतका ताणतो. डोळ्यांना ते दिसत नाही. पण ताणलेले पोलाद परत आखडू पाहते. त्यामुळे मधले दोन भाग एकमेकांवर करकचून दाबले जातात. हा दाबच त्या भागांना धरून ठेवतो. दाब आहे तोवर भाग सरकत नाहीत. दाब गेला की बोल्टची नुसती खीळ होते. आणि बोल्ट खीळ होण्यासाठी केलेला नसतो.

जीपखाली वाकून पाहू

जीप पहिल्याने अमेरिकेच्या सैन्यासाठी झाली. हे दुसऱ्या महायुद्धातले, १९४१ सालच्या सुमाराचे. पुढे १९४७ पासून महिंद्र कंपनीने ती आपल्या देशात आणली. चिखल, दगड, नाले यांतून जाणारी गाडी म्हणून ती खेड्यापाड्यांत पोचली. त्या जुन्या जीपला चारही चाकांवर पोलादी पाटे होते. जंगलात फिरणाऱ्या जिप्सीलाही चारही चाकांवर पाटेच असतात. बोलेरोला मागे पाटे असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही पाटे असतात.

गाडी उभी असताना मागच्या चाकाजवळ वाकून पाहा. वाकडे केलेले पोलादी पाटे एकावर एक रचलेले दिसतील. हादरे तेच सोसतात. सगळ्या पाट्यांच्या मधोमध एक भोक असते. त्यातून एक बोल्ट जातो. त्याला मिस्त्री सेंटर बोल्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना उलट्या कमानीसारखे दोन जाड बोल्ट असतात. त्यांना यू-बोल्ट म्हणतात. दोन यू-बोल्टांचे चार पाय आणि चार पायांना चार नट.

आस आणि पाटे यांना एकत्र कोण धरतो? सेंटर बोल्ट? नाही. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. आस इथे बसली पाहिजे, एवढेच त्याचे सांगणे. धरण्याचे काम चार नटांच्या दाबाचे असते. दाब चांगला असेल, तर सेंटर बोल्टवर काही भार येत नाही.

पण यू-बोल्ट ढिले झाले म्हणजे? ब्रेक लावला की आस पाट्याखाली सरकू पाहते. गाडी सुटली की उलटीकडे सरकू पाहते. तो सारा मार एकट्या सेंटर बोल्टवर बसतो. एक दिवस तो कातरल्यासारखा तुटतो. मग त्या बाजूची आस मागे सरकते. चाक वाकडे होते आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी धावू लागते. सपाट रस्त्यावर हे झाले, तर गाडी थांबवता येईल. घाटाच्या वळणावर झाले, तर?

"चोर इथं हाये"

एकदा आम्ही अकोटच्या एका गॅरेजात बसलो होतो. कापसाचे दिवस होते. एक ट्रॉलीवाले भाऊ आले. कापूस घेऊन बाजाराला येताना त्यांच्या ट्रॉलीचा सेंटर बोल्ट तुटला होता. रस्ता सपाट होता, म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्यांचे आणि मिस्त्रींचे बोलणे आम्ही ऐकले.

"मिस्त्री, दुसऱ्यांदा तुटला जी हा. या खेपेले चांगला जाडजूड टाकून द्या."

"भाऊ, जाड टाकून काय होते? बोल्ट तुटला हे खरं. पण तोडला कोणं, ते पाहा ना."

मिस्त्रींनी यू-बोल्टच्या नटांना पाना लावला. चारांपैकी तीन नट साध्या हाताने फिरले.

"हे पाहा. चोर इथं हाये. सेंटर बोल्ट बिचारा एकटा मार खात होता."

"पण मी तर दिवाळीच्या आधीच नवे यू-बोल्ट टाकले होते."

"टाकले, बरं केलं. मंग पयल्या खेपेनंतर पुन्हा आवळले काय?"

"नाही जी. एकदा आवळले ना! पुन्हा कायले?"

पुष्कळांची समजूत अशीच असते. एकदा आवळले म्हणजे संपले. पण नव्या जोडणीत रंगाचा थर असतो. पाट्यांच्या मध्ये गंज असतो, धूळ असते. पहिल्या भाराने हे सारे चेपते. केसाएवढी जागा मोकळी होते. बोल्ट ताणलेला असतो तोही केसाएवढाच! म्हणजे नट जागचा न हलताही ताण निघून जातो. म्हणून नवे यू-बोल्ट बसवले की पहिल्या भाराच्या फेरीनंतर ते पुन्हा आवळायचे असतात.

ढिला बोल्ट का तुटतो?

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. ते म्हणतात, "फार आवळला तर तुटेल, थोडा सैल बरा." पण रस्त्यावर तुटणारे पुष्कळ बोल्ट सैल राहिल्यामुळे तुटतात.

बंडीवर कडब्याचा भार दोराने बांधतो, तो आठवा. दोर ताठ बांधला, तर बंडी हलली तरी दोराला झटका बसत नाही. दोर ढिला असला, तर खाचखळग्यागणिक भार उसळतो आणि दोराला हिसका बसतो. शेवटी दोर तुटतो.

बोल्टचे तसेच. ताणलेल्या बोल्टला रस्त्याचे हिसके फार थोडे जाणवतात. ढिल्या बोल्टला प्रत्येक हिसका पुरा बसतो. काळ्या मातीच्या रस्त्याने गाडी एका दिवसात हजारो हिसके खाते. तारेचा तुकडा घ्या आणि पुन्हा पुन्हा वाकवा. एका वाकवण्याने तार तुटत नाही. वीस-तीस वेळा वाकवली की तुटते. बोल्ट असाच थकून तुटतो.

तुटलेला बोल्ट फेकू नका. त्याचे तोंड पाहा. तोंडाचा एक भाग गुळगुळीत आणि मळकट असला, दुसरा भाग खरबरीत आणि नवा चकचकीत असला, तर समजा की हा बोल्ट आज तुटला नाही. गुळगुळीत भागाची चीर पुष्कळ दिवस वाढत होती. उरलेला भाग आज तुटला. मग नुसता नवा बोल्ट टाकून भागत नाही. जुना का थकला, ते शोधावे लागते.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे

आता कोणता बोल्ट लावावा, ते पाहू. बोल्ट दिसायला सारखे असतात, पण त्यांचे बळ सारखे नसते.

चांगल्या बोल्टच्या डोक्यावर दोन गोष्टी उठवलेल्या असतात. एक कारखान्याची खूण आणि दुसरे आकडे. आकडे इंग्रजी असतात. रुपयाच्या नाण्यावर असतात तसे. इथे एक सावधगिरी घ्या. इंग्रजी आठ हा आपल्या मराठी चारसारखा दिसतो. फरक एवढाच की त्याचे वरचे तोंड बंद असते. एकावर एक दोन वाटोळी, म्हणजे इंग्रजी आठ. तसाच इंग्रजी नऊ आपल्या मराठी एकासारखा दिसतो. फसू नका.

हे आकडे असे असतात : ४.६, ८.८, १०.९. यांचा अर्थ सोपा आहे.

पहिला आकडा बोल्टचे बळ सांगतो. आकड्याला १० ने गुणा. ८ असेल तर ८०. याचा अर्थ, पोलादाच्या एका चौरस मिलीमीटरला तुटण्यापूर्वी सुमारे ८० किलोचा ओढा सोसतो. एक चौरस मिलीमीटर म्हणजे केवढा? ज्वारीच्या दाण्यापेक्षाही पुष्कळ लहान ठिपका.

टिंबानंतरचा आकडा सांगतो की या बळापैकी किती हिस्सा वापरता येतो. .८ म्हणजे दहांतला आठ हिस्सा. तिथपर्यंत ताणलेला बोल्ट सोडल्यावर परत पहिल्यासारखा होतो. त्यापुढे गेला की लांबलेला लांबलेलाच राहतो. रबर जास्त ताणले की लोंबते, तसे.

आता १२ मिलीमीटर जाडीचे तीन बोल्ट घ्या. तिघे दिसायला एकसारखे. कायमचे न लांबता कोण किती ओढा सोसेल?

४.६ चा बोल्ट : सुमारे २० क्विंटल.
८.८ चा बोल्ट : सुमारे ५५ क्विंटल.
१०.९ चा बोल्ट : सुमारे ७५ क्विंटल.

पाहिलेत? ८.८ च्या जागी ४.६ चा बोल्ट बसवला, तर बळ निम्म्याहूनही कमी झाले. भोकात तो बरोबर बसतो, नटही बरोबर चढतो. फक्त वेळ आली की दगा देतो.

ज्या बोल्टच्या डोक्यावर काहीच नाही, तो कमी बळाचा समजावा. तो दाराच्या कडीला लावा, ट्रॉलीच्या फळीला लावा. पाटे, स्टिअरिंग, ब्रेक आणि चाके यांना तो लावू नका. बोल्ट चकचकीत आहे म्हणून तो बळकट असतो, असेही नाही. चमक मुलाम्याची असते. बळ पोलादाचे असते.

आणखी एक. ८.८ आणि १०.९ च्या बोल्टांना कारखान्यात पाणी दिलेले असते. लोहार विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी पाजतो तसेच. कुऱ्हाड विस्तवात टाकली की तिचे पाणी उतरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून असा बोल्ट तापवून वाकवू नये आणि त्याला वेल्डिंगही करू नये. त्याचे पाणी उतरते आणि डोक्यावरचा आकडा खोटा होतो.

नटही बोल्टच्या तोडीचा पाहिजे. ८.८ च्या बोल्टला ८ चा नट, १०.९ च्या बोल्टला १० चा नट. बोल्ट बळकट आणि नट हलका असला, तर नटाचे आटे निघून जातात.

एका विमानाची गोष्ट

नुसत्या नजरेने बोल्ट जुळवला तर काय होते, याची एक खरी गोष्ट सांगतो.

१० जून १९९० चा दिवस. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातून ब्रिटिश एअरवेजचे एक विमान स्पेनला निघाले. आत ८१ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. विमान १७,००० फुटांवर गेले. एकाएकी कप्तानाच्या पुढची काच निघून उडाली. कप्तान अर्धे बाहेर ओढले गेले! आतल्या लोकांनी त्यांना पायांना धरून ठेवले. दुसऱ्या वैमानिकाने विमान सुखरूप खाली उतरवले. कप्तान जखमी झाले, पण वाचले. कोणी दगावले नाही.

काच का निघाली? आदल्या दिवशी पहाटे ती नवीन बसवली होती. तिला ९० बोल्ट होते. चौकशीत दिसले की त्यांपैकी ८४ बोल्ट पाहिजे त्यापेक्षा बारीक होते. किती बारीक? अर्ध्या मिलीमीटरहून थोडे जास्त. आगपेटीच्या काडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके! बाकीचे ६ थोडे आखूड होते. बसवणारा माणूस अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट हातात घेतला आणि नजरेने नवा जुळवला. बोल्टचा नंबर पुस्तकात लिहिलेला होता. तो काढून पाहिला नाही.

तो माणूस चांगला शिकलेला होता. वाचता येत असून त्याने वाचले नाही. आपण नव्याने वाचायला शिकलो आहोत. आपण तरी वाचू या.

इंच आणि मिलीमीटर

आटे हीसुद्धा फसवणारी वस्तू आहे. एके काळी ज्याच्या त्याच्या कारखान्यात आट्यांचे माप वेगळे असे. १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने सर्वांसाठी एकच माप सुचवले. पुढे इंचाची मापे आली आणि मिलीमीटरचीही. जुन्या जीपमध्ये अमेरिकन इंची आटे असतात. नव्या गाड्यांत मिलीमीटरचे आटे असतात.

इंची बोल्ट आणि मिलीमीटरचा बोल्ट कधी कधी दिसायला जुळे भाऊ वाटतात. ८ मिलीमीटरचा बोल्ट आणि पाव इंचाहून थोडा जाड असा अडीच-सूत बोल्ट यांत केसाचाच फरक असतो. नट दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो. घाईत माणूस पान्याने जोर करतो. आटे मरतात. वरून वाटते की घट्ट झाला, पण दाब काहीच नसतो.

म्हणून नियम असा : नट आधी बोटांनी फिरवा. स्वच्छ आट्यांवर नट बोटांनीच सहज गेला पाहिजे. अडला, तर जोडी चुकली. पाना लावू नका. लॉक नटाची गोष्ट वेगळी. ज्या नटात नायलॉनचे कडे असते, तो शेवटी अडणारच.

इंची बोल्टच्या डोक्यावर आकड्यांऐवजी रेघा असतात. तीन रेघा म्हणजे बळ साधारण ८.८ च्या जवळपास. सहा रेघा म्हणजे साधारण १०.९ च्या जवळपास. रेघ नसेल तर हलका.

किती आवळावा?

आता मुख्य प्रश्न. बोल्ट चांगला आणला. तो आवळायचा किती?

पान्याचा जोर दोन गोष्टींवर ठरतो. हाताचा दाब किती आणि पाना किती लांब. एक हात लांबीच्या पान्याने जे होते, ते दोन हात लांबीच्या पान्याने अर्ध्या दाबात होते. या पिळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. तो न्यूटन-मीटर या मापाने मोजतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला एक किलोचा दाब दिला, तर सुमारे १० न्यूटन-मीटर होतात.

८.८ च्या साध्या, कोरड्या बोल्टला ढोबळ मानाने एवढा जोर लागतो. पाना ३० सेंटीमीटर, म्हणजे एक फूट लांब धरला आहे.

८ मिलीमीटरचा बोल्ट : २५ न्यूटन-मीटर, म्हणजे हाताचा दाब ८ ते ९ किलो.
१० मिलीमीटरचा बोल्ट : ५० न्यूटन-मीटर, म्हणजे १७ किलो.
१२ मिलीमीटरचा बोल्ट : ८५ न्यूटन-मीटर, म्हणजे २९ किलो.
१६ मिलीमीटरचा बोल्ट : २१० न्यूटन-मीटर, म्हणजे ७१ किलो.

हे आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. प्रत्येक गाडीच्या पुस्तकात तिच्या बोल्टांचे आकडे दिलेले असतात. तेच खरे मानावे.

१२ मिलीमीटरच्या बोल्टला एक फुटी पान्यावर २९ किलोचा दाब दिला, तर मधले भाग सुमारे ३६ क्विंटलने दाबले जातात. केवढी ही ताकद! पण याच पान्यावर चार फुटी पाइप चढवला आणि तेवढाच दाब दिला, तर जोर चौपट होतो. बोल्ट लांबतो, त्याची मान बारीक होते. वरून तो घट्ट दिसतो. आतून तो मेलेला असतो. पाइप लावून आवळणे ही ताकद नव्हे, नासाडी आहे.

जोर मोजायला टॉर्क रेंच नावाचा पाना मिळतो. ठरलेला जोर आला की तो टक् असा आवाज करतो किंवा काटा दाखवतो. पाट्यांचे आणि चाकांचे काम ज्या गॅरेजात होते, तिथे तो असायला हवा. "टॉर्क रेंच लावता का?" असे विचारायला संकोच करू नका.

टॉर्क रेंच जवळ नसेल, तर एक युक्ती आहे. कापूस वेचणीच्या वेळी आपण लटकता काटा वापरतो. तो पान्याला अडकवा. बोल्टच्या मध्यापासून बरोबर ३० सेंटीमीटरवर. मग काटा पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर १७ किलो दिसले, म्हणजे ५० न्यूटन-मीटर झाले. अंदाजापेक्षा हे पुष्कळ बरे.

जोर जातो कुठे?

आपण पान्याला शंभर पैशांचा जोर लावला असे समजा. त्यातले सुमारे ५० पैसे नटाखालच्या घासण्यात जातात. सुमारे ४० पैसे आट्यांच्या घासण्यात जातात. बोल्ट ताणायला उरतात फक्त १० पैसे!

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. आटे गंजलेले असले, चिखलाने भरलेले असले, तर घासण्यातच आणखी पैसे जातात. पाना घट्ट लागतो, पण दाब होत नाही. म्हणून आटे तारेच्या ब्रशने आधी साफ करावेत. उलट आट्यांना तेल लावले, तर घासणे कमी होते. दहा पैशांचे तेरा-चौदा पैसे होतात. त्याच जोराने बोल्ट जास्त ताणतो, कधी मर्यादेपलीकडे जातो. म्हणून पुस्तकात कोरडा लिहिला असेल तर कोरडा आवळा. तेल लिहिले असेल तर तेल लावा. मनाने काही करू नका.

पाट्यांचे काम करवून घेताना

हे काम मिस्त्रींचे आहे. पण गाडी आपली आहे, आणि गाडीत माणसेही आपलीच बसतात. म्हणून एवढे पाहावे :

१. काढलेले जुने यू-बोल्ट पुन्हा लावू नयेत. ते एकदा लांबलेले असतात.

२. चारही नट थोडे थोडे, समोरासमोर आवळावेत. आधी एक, मग तिरक्या कोपऱ्यातला. एकच नट पुरा आवळला, तर पाटा तिरका बसतो. चाकाचे नटही असेच.

३. पाट्याच्या टोकांना रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट शेवटी आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे. गाडी जॅकवर उचललेली असताना ते घट्ट केले, तर गाडी खाली ठेवताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते.

४. काम झाल्यावर नटापासून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. ही तपासणी घरातले कोणीही करू शकते.

५. पहिल्या भाराच्या फेरीनंतर यू-बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. पुढे पावसाळ्यापूर्वी आणि कापसाच्या हंगामापूर्वी तपासावेत.

धोक्याच्या खुणाही ओळखाव्यात. नटाभोवती लाल भुकटी दिसते. ब्रेक लावताना किंवा गाडी सुटताना खालून कट् असा आवाज येतो. गाडी तिरपी चालते. एका बाजूचे मागचे चाक दुसरीपेक्षा मागे सरकलेले दिसते. यांतले काही दिसले, तर गाडी घाटात नेऊ नका. प्रवासी खोळंबले तरी चालतील.

त्या दिवशी गॅरेजात मिस्त्रींनी ट्रॉलीला नवे यू-बोल्ट बसवले, मोजून आवळले आणि पांढरी रेघ ओढली. ट्रॉलीवाले भाऊ खाली वाकले. त्यांनी बोल्टच्या डोक्यावर बोट ठेवले आणि आकडे वाचले. मग म्हणाले, "इतकी वर्षं ट्रॉली चालवतो, पण यावर लिहिलेलं हाये हे मले आज दिसलं."

लिहिलेले तिथे होतेच. वाचणारा पाहिजे होता.

आठवून सांगा

१. बोल्ट खिळीसारखा काम करतो की धावेसारखा? कसा?
२. सेंटर बोल्ट पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर आधी काय तपासाल?
३. तुमच्या घरच्या ट्रॉलीच्या किंवा गाडीच्या बोल्टांवर कोणते आकडे आहेत? आज जाऊन पाहा आणि वहीत लिहून ठेवा.